जीपची नक्कल आणि दोन 'एम'

दिवाळीच्या सुट्टीआधी नववीच्या वर्गाला मी एक काम दिलं होतं. एक मोटार कंपनी काढा, कागदावरच. तिला नाव द्या, तिच्या पहिल्या गाडीचं चित्र काढा आणि गाडी अशीच का, हे दहा ओळींत लिहा. अट एकच होती, की गाडी जुन्या वळणाची हवी. ही अट घातली नसती तर सगळ्यांनी विमानासारख्या गाड्या काढल्या असत्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून "तुमच्या वेळी गाडी कशी होती?" असं कुणीच विचारलं नसतं.

सुट्टीनंतर वह्या आल्या. दोन पोरांनी मिळून एकच कंपनी काढली होती. एक आमच्या मोहल्ल्यातला, दुसरा खाणीत कामाला असलेल्या बापाचा. दोघांचीही नावं 'र'वरून सुरू होतात, म्हणून कंपनीचं नाव 'आर अँड आर'. गाडी म्हणजे उभ्या जाळीची, गोल दिव्यांची, चपट्या फेंडरची जीप. चित्र सुरेख होतं. पण मी वही उंच धरून दाखवताच वर्ग ओरडला, "सर, हे तर थार आहे! नक्कल केली!"

त्यातल्या एकाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "थार बी कोनाची तरी नक्कलच असन ना, सर?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न खरा होता. त्या दिवशी तास संपला, पण प्रश्न माझ्यासोबत घरी आला. हा लेख म्हणजे त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर.

आधी 'नक्कल' या शब्दाकडे बघू. मराठीत आपण तो दोन अर्थांनी वापरतो. परीक्षेत केली तर गुन्हा. पण तहसीलमध्ये जाऊन फेरफाराची किंवा निकालाची नक्कल मागितली, तर ती सही-शिक्क्यासह मिळते आणि कोर्टातही चालते. मूळ शब्द अरबी, 'नक़्ल'. त्याचा पहिला अर्थ चोरी नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, हा तो अर्थ. म्हणूनच उर्दूत वाहतुकीला 'नक़्ल-ओ-हमल' म्हणतात. गाडीही नेते आणि नक्कलही नेते. एक माणसं नेते, दुसरी आकार. आपला 'नकाशा' आणि आपली 'नक्षी' हे शब्दही अरबी 'नक़्श'पासूनच आलेले आहेत. म्हणजे कंपनीच्या कागदावर नकाशा काढणारी आणि नक्कल केल्याबद्दल बोलणी खाणारी माझी पोरं, दोन्ही बाबतींत आपल्याच भाषेत बसलेली होती.

आता जीपचा आकार कुठून कुठे नेला गेला ते पाहू.

1940 च्या उन्हाळ्यात युरोपात युद्ध पेटलेलं होतं. अमेरिकेच्या लष्कराला एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. त्यांनी 135 कंपन्यांना विचारणा केली. पहिला नमुना तयार करायला मुदत होती 49 दिवसांची. एवढ्या मुदतीत नमुना देण्याची तयारी दाखवली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने. तिच्याकडे पुरेसे इंजिनिअरही उरले नव्हते. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या बाहेरच्या माणसाला बोलावलं. प्रॉब्स्टने जुलै महिन्यात दोन दिवस बसून गाडीचे नकाशे काढले आणि 23 सप्टेंबरला नमुना लष्कराच्या तळावर हजर झाला. गाडी पसंत पडली.

पुढे जे घडलं ते कुठल्याही छोट्या कारागिराला ओळखीचं वाटेल. एवढी छोटी कंपनी हजारोंनी गाड्या बनवू शकणार नाही, असं लष्कराला वाटलं. बँटमचे नकाशे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवले गेले. त्यांनी आपापले नमुने आणले, त्यात आपापल्या सुधारणा केल्या, आणि मोठं कंत्राट त्यांना मिळालं. युद्ध संपेपर्यंत या दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला आल्या सुमारे 2,700. उरलेलं युद्ध तिने गाडीमागे जोडायचे ट्रेलर बनवत काढलं.

गंमत अशी, की बँटमसुद्धा कुणाच्या तरी नकलेतूनच जन्मली होती. तिचं आधीचं नाव अमेरिकन ऑस्टिन. इंग्लंडची 'ऑस्टिन सेव्हन' ही छोटी मोटार परवाना घेऊन अमेरिकेत बनवायला ती सुरू झाली होती. त्याच ऑस्टिन सेव्हनची परवाना घेऊन केलेली जर्मन आवृत्ती म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली मोटार. आज ज्या नावापुढे लोक मान झुकवतात, त्याची पहिली गाडी नक्कल होती. पण ती सही-शिक्क्याची नक्कल होती, हा फरक महत्त्वाचा.

जीपचा चेहराही एका घरातला नाही. विलीजच्या सुरुवातीच्या जीपला पोलादी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, उभ्या फटींची जाळी फोर्डने आणली. ती स्वस्त आणि हलकी होती, म्हणून विलीजनेही तीच घेतली. फोर्डच्या जाळीला नऊ फटी होत्या. युद्धानंतर 1945 मध्ये विलीजने शेतकऱ्यांसाठी, सामान्य लोकांसाठी जी जीप काढली तिला सात ठेवल्या. आज 'सात फटी म्हणजे जीप' असं जग मानतं.

मग विलीजने जाहिराती केल्या, की जीप आम्हीच घडवली. त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे प्रकरण गेलं आणि 1948 मध्ये निकाल लागला, की विलीजने एकट्याने हे श्रेय घ्यायचं नाही. पण 1950 मध्ये 'जीप' हे नाव नोंदवून मिळालं ते विलीजलाच. श्रेय एकाचं आणि मालकी दुसऱ्याची, हे आमच्या खेड्यापाड्यांत जसं चालतं तसंच तिथेही चाललं.

आता पोरांनी काढलेल्या आकाराबद्दल. आज आपण ज्याला 'क्लासिक लूक' म्हणतो, तो कुणी शोभेसाठी काढलेला नव्हता. फेंडर चपटे होते, कारण पत्रा सरळ वाकवला की काम भागायचं, खोल साच्याची महागडी यंत्रं लागत नव्हती. काच सपाट होती, कारण सपाट काच स्वस्त पडते, आणि चौकटीसकट पुढे आडवी पाडता येते. दिवे गोल होते, कारण त्या काळी अमेरिकेत सात इंची गोल दिवा हेच प्रमाण ठरलेलं होतं. बिजागऱ्या बाहेर दिसायच्या, कारण त्या लपवायला वेळही नव्हता आणि पैसाही. घाई, गरिबी आणि गरज यांनी तो आकार काढला. पुढच्या पिढ्यांनी त्याला सौंदर्य म्हटलं.

हे मला पुस्तकाआधी काळीपिवळीने शिकवलं होतं. आमच्या भागात तुमसरला जायचं म्हणजे काळीपिवळी. चालकाच्या उजव्या बाजूलाही एक जण अर्धा बाहेर लटकत बसायचा. रस्त्यात बैलबंडीला घासून फेंडर चेपला, तर डेंटिंगवाला मिस्त्री तो लाकडावर धरून हातोडीने तासाभरात सरळ करायचा. सरळ पत्रा सरळ माणसाला दुरुस्त करता येतो. आजच्या गाडीचा बंपर फुटला की नवा मागवावा लागतो. त्या मिस्त्रीने कधी डिझाइन हा शब्द उच्चारला नसेल. पण त्या पत्र्याची वळणं त्याच्या हातांना पाठ होती.

जीप आपल्याकडे आली ती मुंबईत. 1940 च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडल्या जाऊ लागल्या. पुढे परवान्याने इथेच बनू लागल्या. विलीजने 1953 मध्ये नव्या, उंच इंजिनासाठी बॉनेट उचललेलं एक मॉडेल काढलं होतं. अमेरिकेत ते केव्हाच बंद झालं, आपल्याकडे त्याच चेहऱ्याची जीप दशकानुदशकं बनत राहिली. वनखात्यात, पोलिसात, खाणीच्या साहेबाकडे, लग्नाच्या वरातीत तीच. महिंद्रा कंपनीने पुढे एमएम 540 काढली, मग कमांडर, मार्शल. 2010 मध्ये थार आली, तेव्हा आत नवं डिझेल इंजिन होतं आणि बाहेर आजोबांचा चेहरा.

म्हणजे जुन्या वळणाची नवी गाडी काढा, हे जे मी पोरांना सांगितलं, तेच काम मोठमोठ्या कंपन्यांत चालतं. फोक्सवॅगनने 1997 मध्ये नवी बीटल आणली, बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये नवी मिनी, फियाटने 2007 मध्ये नवी 500. सगळीकडे मेख एकच असते, की काय ठेवायचं आणि काय सोडायचं. गोल दिवा ठेवता येतो. पण एअरबॅग, धडक सोसणारा सांगाडा, धुराचे नवे नियम, हे सगळं त्याच जुन्या अंगरख्याच्या आत बसवावं लागतं. 2020 मध्ये आलेल्या दुसऱ्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले. 1940 च्या जीपला दारंसुद्धा नव्हती. चेहरा तोच दिसतो, पण आतला माणूस पूर्ण बदललेला असतो.

मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या दुसऱ्या थारसह महिंद्राच्या अनेक गाड्यांच्या डिझाइनचं नेतृत्व रामकृपा अनंतन या बाईंनी केलं. त्यांनी आधी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि मग मुंबईच्या आयआयटीत, पवईला, डिझाइनचं शिक्षण घेतलं. 'गाड्या हा पोरांचा विषय' म्हणून माझ्या वर्गातल्या ज्या पोरींनी फुलांची चित्रं काढून दिली, त्यांना हे मी आता वर्गातही सांगणार आहे.

पण नकलेचा हिशेब कधीतरी मागितला जातोच. 2018 मध्ये महिंद्राने अमेरिकेत, मिशिगन राज्यात, 'रॉक्सर' नावाची शेतात आणि माळावर चालवायची गाडी काढली. चेहरा जुन्या जीपचा. जीपची मालकी तोवर फिरत फिरत फियाट क्रायसलरकडे गेली होती. त्यांनी तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली, की हा आमचा आकार आहे. 2020 मध्ये आयोगाने तक्रार मान्य केली आणि त्या रूपातल्या रॉक्सरवर बंदी घातली. मग महिंद्राने जाळी आणि पुढचा भाग बदलला, तेव्हा आयोगाने नव्या रूपाला हरकत नसल्याचं सांगितलं. ज्या चेहऱ्याची जाळी फोर्डची आणि ज्याचा पहिला नकाशा बँटमच्या कागदावरचा, त्या चेहऱ्याची मालकी तिसऱ्याच कंपनीने सिद्ध केली. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या निकालपत्रावर आणखी काही नावं हवी होती, असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, मग नक्कल करूच नये, आपलंच काढावं. तेही आपल्याकडे झालं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या डोक्याने 'मीरा' नावाची छोटी मोटार तयार केली. पहिली 1949 मध्ये. मग सुधारत सुधारत 1975 पर्यंत पुढच्या आवृत्त्या. बारा हजारांच्या आसपास किंमतीत सामान्य माणसाला गाडी मिळावी, हा त्यांचा ध्यास. गाडी रस्त्यावर धावत होती, पण कारखाना कधी उभा राहिला नाही. ते परवाना राजचे दिवस होते आणि मोटार बनवायची तर दिल्लीची मंजुरी लागत होती. पाठीशी भांडवलदार नाही, भागीदार नाही. मीरा ही खऱ्या गाडीची कागदी कंपनी राहिली.

म्हणजे नकाशा एकटा पुरत नाही. शराकत लागते, भागीदारी. आणि इथे मी माझ्या पोरांच्या 'आर अँड आर'कडे येतो, कारण महिंद्राच्या नावातले दोन 'एम' मुळात एकाच घरातले नव्हते.

2 ऑक्टोबर 1945. लुधियानात एक पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र हे दोन भाऊ महिंद्रा, आणि मलिक गुलाम मोहम्मद हे मोहम्मद. जगदीशचंद्र युद्धकाळात सरकारचे स्टील कंट्रोलर होते. कैलाशचंद्र अमेरिकेत भारताच्या पुरवठा मिशनचं काम पाहून आले होते. गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलीगढमध्ये शिकलेले, रेल्वेच्या हिशेब खात्यातले अधिकारी आणि पुढे निजामाच्या हैदराबादेत अर्थखातं सांभाळलेले. पोलाद जाणणारा, परदेश पाहिलेला आणि हिशेबाचा पक्का, अशी ती जोडणी होती. पोलाद म्हटलं की नाकाडोंगरीच्या माणसाला आपला डोंगर आठवतोच. पोलादात मँगनीज लागतं आणि ते आमच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला खाणींतून निघतं. त्या कंपनीच्या एखाद्या सळईत आमच्या मातीचा कण असेलही, कोण जाणे.

दोन वर्षांत देश फाळला. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये इथल्या कंपनीचं नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. 'एम अँड एम' ही अक्षरं मात्र तशीच राहिली. एक नाव गेलं, त्याचं अक्षर राहिलं.

ही गोष्ट दर 15 ऑगस्टला आपल्या मोबाइलवर फिरते. आपल्यातले काही जण ती छाती फुगवून पाठवतात, की बघा, एवढ्या मोठ्या कंपनीत आमचा वाटा होता. दुसऱ्या बाजूचे काही जण पाठवतात, की बघा, शेवटी तिकडेच गेला ना. मला दोन्ही संदेश पुढे पाठवावेसे वाटत नाहीत.

गुलाम मोहम्मदांना नायक करायची मला गरज वाटत नाही. 1951 मध्ये ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि 1954 मध्ये त्यांनी तिथली संविधान सभाच बरखास्त केली. त्या देशातल्या लोकशाहीला बसलेल्या पहिल्या मोठ्या धक्क्यांपैकी तो एक. तेव्हा त्यांचा अभिमान मी कशाला उसना घेऊ? आणि त्यांच्या जाण्याचा जाब इथे राहिलेल्या, खाणीत आणि गॅरेजात घाम गाळणाऱ्या माझ्या माणसांना कुणी का विचारावा? आमचे बापजादे इथेच राहिले. त्यांच्या नावाची अक्षरं कुठल्या पाटीवर नाहीत, पण त्यांच्या हातोडीचे घाव शेकडो काळीपिवळ्यांच्या फेंडरवर होते.

मला महत्त्वाची वाटते ती 1945 मधली सही. देश तुटण्याच्या अगदी तोंडावर दोन वेगळ्या घरांतल्या माणसांना एका पाटीवर दोन नावं लिहावीशी वाटली. धंदा म्हणजे भोळेपणा नव्हे. तिथे भरवसा मोजून ठेवला जातो. तो त्यांनी मोजून ठेवला होता.

याच गोष्टीचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. 26 जानेवारी 1955 रोजी प्रजासत्ताक दिनाचं संचलन पहिल्यांदा राजपथावर झालं. त्या दिवशी भारताचे प्रमुख पाहुणे होते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल, मलिक गुलाम मोहम्मद. ज्याचं नाव पाटीवरून उतरलं होतं, तो माणूस सात वर्षांनी दिल्लीत मानाच्या खुर्चीत बसला होता. इतिहास इतकाही सरळ पत्रा नसतो, की एका हातोडीने हवा तसा वळवावा.

'आर अँड आर'ला मी दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कापला, कारण जीपचा आकार त्यांनी कुणाकडून घेतला हे दहा ओळींत लिहिलं नव्हतं. आता त्यांनी चित्राखाली एक ओळ वाढवली आहे: 'मूळ नकाशा कार्ल प्रॉब्स्ट, जाळी फोर्डची, रूप थारचं, रंग आमचा'. तो राहिलेला गुण मी दिला. नक्कल अशीच असावी, सही-शिक्क्याची.

त्यातला एक दहावीनंतर काकाच्या गॅरेजात जायचं म्हणतो. गॅरेज वाईट नाही, हे मी त्याला कधीच म्हणणार नाही. पण डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई जी 'यूसीड' नावाची परीक्षा घेते, ती कोणत्याही शाखेतून बारावी करणाऱ्याला देता येते आणि तिच्यात चित्र काढण्याची कसोटी असते, हे मी त्याला आणि त्याच्या अब्बांना बसवून सांगितलं आहे. आपल्या घरांत ही माहिती पोचत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढणारं पोर असेल, तर त्यालाही सांगा.

अब्बा म्हणाले, "बघू, सर." दुसऱ्या 'र'ने मात्र लगेच विचारलं, "हा गेला शिकायला, तर कंपनीचं नाव बदलायचं का?"

मी म्हटलं, नको. पाटी राहू दे.